अकरा इंची स्वस्त लॅपटॉप: लिहिणाऱ्याच्या सोयीचा, घराच्या नव्हे

सुमारे 20 हजार रुपयांत मिळणारा 11.6 इंची लॅपटॉप मागितला, की दुकानदार तो दाखवण्याआधीच पंधरा इंचीची बाजू मांडू लागतो. बहुतेक गिऱ्हाइकांच्या बाबतीत त्याचे म्हणणे खरेही असते. मला मात्र घरातल्या मोठ्या संगणकाला पर्याय नको होता. गोव्यातल्या डिचोलीहून मये आणि चोडणमार्गे फेरीबोटीने रायबंदर गाठायचे, तिथून पणजी, आणि संध्याकाळी परत येऊन गावच्या नाटकाच्या तालमीला बसायचे, अशा दिनक्रमात खांद्याला न जाणवणारे आणि गर्दीत धक्का लागला तरी काळजाचा ठोका न चुकवणारे लिहिण्याचे यंत्र मला हवे होते. त्या कामाच्या निकषावर हा लॅपटॉप कसा उतरला, एवढेच येथे सांगायचे आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढचे गुणदोष या वर्गातल्या जवळजवळ सर्वच यंत्रांत आढळतात.

आत इंटेलचा सेलेरॉन एन4020 हा दोन कोअरचा प्रोसेसर (यंत्राचा मेंदू) आहे, रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) 4 जीबी, साठवण 64 जीबी ईएमएमसी (साठवणीची स्वस्त चिप) आणि पडदा 1366 बाय 768 पिक्सेलचा. वजन सव्वा किलोच्या आसपास. अशा यंत्रांची परंपरा तशी जुनी आहे. 2007 साली आलेल्या असूसच्या ई पीसीचा पडदा केवळ 7 इंचांचा होता, साठवण 4 जीबी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली. पुढच्याच वर्षी इंटेलने ॲटम प्रोसेसर आणला आणि नेटबुक नावाचा वर्गच तयार झाला. टॅब्लेट आल्यावर ते नाव मागे पडले, परंतु लहान, स्वस्त आणि कीबोर्ड असलेल्या यंत्राची गरज काही संपली नाही.

या यंत्राचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे त्यात पंखाच नाही. एन4020 ची औष्णिक मर्यादा, म्हणजे त्याने किती उष्णता निर्माण करावी याची आखलेली सीमा, 6 वॅट एवढीच ठरवलेली असल्यामुळे पंख्याशिवाय भागते. देवळाच्या मंडपात तालीम चालू असताना, एखादा नट स्वगताच्या मध्ये थांबलेला असताना, प्रॉम्प्टरच्या मांडीवरून घरघर ऐकू येत नाही, याचे मोल हौशी नाटक केलेल्या माणसालाच कळेल. संहितेतला एखादा संवाद दिग्दर्शकाने बदलला, की तो तिथल्या तिथे बदलता येतो आणि कागदी प्रतींवरची खाडाखोड वाचते. पंखा नसल्याचा दुसरा फायदा गोव्याच्या हवेत अधिक जाणवतो. येथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी धरते. पंख्याचे यंत्र ही दमट हवा आणि तिच्यातली धूळ सतत आत ओढत राहते. पंखा नसलेले हे यंत्र ती ओढत नाही. तरी यूएसबीच्या खाचा उघड्याच असतात, म्हणून पावसाळ्यात लॅपटॉप रोज थोडा वेळ चालू ठेवणे बरे. त्याची स्वतःची ऊब आतला ओलावा घालवते. मे महिन्यात मात्र याच गुणाची उलटी बाजू दिसते. पंखा नसल्यामुळे तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो आणि दुपारी पत्र्याखाली बसून काम करताना फाइल उघडायलाही वाट पाहावी लागते.

कीबोर्डविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इंग्रजी टंकलेखनाच्या दृष्टीने केलेल्या परीक्षणांत ही अडचण सहसा येत नाही. लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवण्यासाठी उजव्या कडेच्या कळा अरुंद केलेल्या असतात. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या त्या बाजूला बहुतांशी विरामचिन्हे आणि कंस येत असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीने मराठी लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. च, ट, ड आणि य ही व्यंजने नेमकी त्या उजव्या बाजूला, अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस आणि तिरक्या रेघेच्या कळांवर येतात. शिफ्ट दाबले की पहिल्या तिन्हींवर छ, ठ, ढ मिळतात. ‘लॅपटॉप’मधला ॉ तर उलट्या तिरक्या रेघेवर असतो आणि या वर्गातल्या कित्येक यंत्रांत तीच कळ सर्वांत बारीक केलेली असते. करंगळीला ही नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत माझा वेग बराच कमी झाला होता. पुढे तो परत आला, परंतु घरच्या कीबोर्डवरून येथे आणि येथून तिकडे जाताना पहिली काही वाक्ये अजूनही अडखळतात. रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी टंकणाऱ्यांना हा त्रास होणार नाही. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्याने मात्र दुकानातच ‘चटकन’, ‘डॉक्टर’, ‘यंत्र’ असे शब्द लिहून पाहावेत आणि मगच पैसे मोजावेत.

पडद्याची रुंदी पुरेशी आहे, उंची अपुरी. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ओळींमध्ये अंतर जास्त ठेवावे लागते, त्यामुळे रोमन लिपीच्या मानाने कमी ओळी एका नजरेत मावतात. वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ1 एकत्र दाबून वरची पट्टी मिटवली, की थोडी जागा सुटते. पडद्याचा प्रकार साधा असल्याने बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. फेरीबोटीवरच्या उन्हात तर त्यावर काही वाचण्याचा प्रयत्नच करू नये. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जुन्या मराठी नियतकालिकांतून टिपणे काढताना मात्र याच लहान आकाराची सोय होते, कारण समोर नियतकालिक उघडे ठेवूनही बाजूला लॅपटॉपला जागा उरते.

आता मुख्य उणिवेकडे येतो. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते, म्हणजे हे यंत्र किमान अटीच्या उंबरठ्यावरच उभे आहे. 64 जीबीपैकी प्रत्यक्षात 60 च्या आत दिसतात, त्यातला मोठा वाटा प्रणाली घेते आणि प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणाला पुन्हा मोकळी जागा लागते. ब्राउझरची चार-पाच पाने, वर्ड आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी उघडले, की रॅम भरते आणि यंत्र ईएमएमसीचा आधार घेऊ लागते. ती मोठ्या लॅपटॉपमधल्या एसएसडी या वेगवान साठवणीच्या तुलनेत फार संथ असते. रॅम आणि साठवण दोन्ही मुख्य बोर्डावर (मदरबोर्डवर) झाळलेली असल्याने नंतर वाढवता येत नाहीत. एसडी कार्डावर कागदपत्रे आणि छायाचित्रे ठेवता येतात, वेग त्याने वाढत नाही. यांपैकी काही यंत्रांत विंडोज एस मोडमध्ये येते आणि त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीही बसवता येत नाही. त्यातून बाहेर पडणे विनामूल्य आहे, मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही.

मी शेवटी विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. तिला किमान 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा लागते, इनस्क्रिप्ट त्यात मिळते आणि लिब्रेऑफिस हे वर्डसारखे सॉफ्टवेअर लेखनाला पुरते. हा मार्ग प्रत्येकाचा नव्हे. श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या जुन्या टंक-व्यवस्थेत ज्यांचे छपाईचे काम अडकलेले आहे, त्यांनी हा विचार करू नये. युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतातच लिहिणाऱ्याला मात्र हा बदल काही हजार जास्त मोजून चांगले यंत्र घेतल्यासारखा वाटेल.

बॅटरी निव्वळ लेखनासाठी दिवसाच्या कामाला पुरते, चित्रफिती पाहिल्यास झपाट्याने उतरते. पावसाळ्यात वीज गेली तरी लेखन अडत नाही. माझ्या यंत्राला गोल पिनेचा स्वतंत्र चार्जर लागतो, ही गैरसोय आहे. यूएसबी-सीवर चार्ज होणारे यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे. योग्य क्षमतेच्या पॉवर बँकेवरही ते चालते आणि चार्जर घरी विसरला तर कोणाकडून तरी मागता येतो.

अकरावी-बारावीच्या मुलासाठी घरातला एकमेव संगणक म्हणून हे यंत्र घेऊ नये. ऑनलाइन वर्ग चालू असताना दुसरी फाइल उघडली की ते धापा टाकते, आणि मुलाच्या गरजा दरवर्षी वाढत असताना त्यात काहीच वाढवता येत नाही. तेवढ्याच पैशांत खात्रीच्या ठिकाणचा वापरलेला, 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कार्यालयीन लॅपटॉप मिळाला, तर जड असला तरी तो बरा. लेखन, टिपणे, ईमेल आणि प्रवास एवढेच काम असणाऱ्याने मात्र अकरा इंची अवश्य पाहावा, आणि त्याच यंत्राची 8 जीबीची आवृत्ती थोड्या फरकाने मिळत असेल तर 4 जीबीकडे वळूनही पाहू नये.