दोन स्क्रूंचे साडेसातशे पौंड

लिहू का नको असं महिनाभर चाललं होतं, स्वतःचा बावळटपणा चारचौघांत सांगायला कुणाला आवडतं, पण परवा इथे, लंडनजवळच्या स्लाऊमधल्याच एका मैत्रिणीने विचारलं, "अगं आमच्या खिडकीचं हँडल गेलंय, कुणी माणूस आहे का माहितीतला?" आणि मी तिला फोनवर पाऊण तास धरून ठेवलं. तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू एकदाचं.

आमचं घर सेमी डिटॅच्ड, नव्वदच्या दशकातलं. खिडक्या सगळ्या पांढऱ्या प्लास्टिक फ्रेमच्या, डबल ग्लेझिंगवाल्या, बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या. इंग्लंडात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, गल्लीच्या गल्ली अशीच असते. फेब्रुवारीत लेकीच्या खोलीतलं हँडल एका संध्याकाळी नुसतंच गोल फिरायला लागलं, म्हणजे फिरतंय पण पकडत काहीच नाही, आणि खिडकी बोटभर उघडी ती उघडीच. बाहेर दोन डिग्री. नवरा कामासाठी आठवडाभर एडिनबराला. ती रात्र फटीत टॉवेल कोंबून आणि वरून चिकटपट्टी मारून काढली, लेक माझ्याजवळ झोपली, आणि सकाळी ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग सुरू असतानाच फोनवर शोधून जो पहिला माणूस "आजच येतो" म्हणाला त्याला बोलावलं. ६० पौंड कॉल-आऊट, म्हणजे नुसते येण्याचे, हँडलचे वेगळे. बरं म्हटलं.

पुढचं सांगण्याआधी हँडल म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण एवढं मला तेव्हा माहीत असतं तर ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती. आपल्याला दिसतो तो फक्त दांडा. त्याच्या पाठीमागून एक चौकोनी सळई निघते, तिला इथे स्पिंडल म्हणतात, जाडी ७ मिमी. ती फ्रेमच्या आत बसवलेल्या गिअरबॉक्सच्या चौकोनी भोकात जाते. दांडा फिरवला की सळई फिरते, सळईने गिअरबॉक्स फिरतो, आणि त्याने खिडकीच्या कडेला असलेली लांब पट्टी वरखाली सरकते, त्या पट्टीवरचे खुंट चौकटीतल्या खाचांत जाऊन अडकतात आणि खिडकी घट्ट बसते. आणि हे हँडल फ्रेमला धरून ठेवतात फक्त दोन स्क्रू! हँडल आडवं केलं की एक दिसतो, दुसरा छोट्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतो. दोघांमधलं अंतर आमच्यासारख्या बहुतेक हँडलांना ४३ मिमी. तेव्हा बदलते ती मुख्यतः स्पिंडलची लांबी, १५, २०, ३०, ४०, ५५ अशा मापांत मिळते, आणि दांडा सरळ आहे की डावी-उजवीकडे वाकलेला. अजून जुन्या खिडक्यांना स्पिंडलच नसतो, दांड्याला पुढे एक नाक असतं ते चौकटीवर अडकतं, त्याला कॉकस्पर म्हणतात आणि तिथे नाकाची उंची मोजायची. संपलं शास्त्र.

तर तो माणूस आला. दारातच बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्यान आणि आत आला, तिथेच मी निम्मी गार. कार्पेटची एवढी काळजी करणारा माणूस फसवेल असं वाटतं का? वर जाऊन त्याने हँडल दोनदा फिरवलं, कान लावून ऐकल्यासारखं केलं, आणि ओठ मुडपून मान हलवली. म्हणाला, हे मॉडेल बंद झालंय, याचे पार्ट आता येत नाहीत. मग न विचारता शेजारच्या खोलीत गेला, तिथलं फिरवलं, बाथरूममधलं फिरवलं. सगळी एकाच वयाची आहेत म्हणाला, एक गेलं की बाकीची रांगेने जाणार, आतली मेकॅनिझम कोरडी पडलीये, आणि एखादं बंद अवस्थेत गेलं तर अख्खी खिडकी फोडून काढावी लागेल. वर इन्शुरन्सचा बागुलबुवा. हँडलला किल्लीवालं लॉक नसेल तर चोरी झाल्यावर क्लेम नाकारतात, मी देतो ती सिक्युरिटी हँडल आहेत, आणि फेन्साचं, म्हणजे खिडकी नियमाप्रमाणे बसवल्याचं, सर्टिफिकेटपण देतो.

मी एका कानाने हे ऐकतीये, दुसऱ्या कानात टीममधला कुणीतरी शुक्रवारचा रिलीज पुढे ढकलायचा का विचारतोय. एक एक केलं तर ७५ ला एक, नऊ एकदम केली तर ४८ ला एक. नऊ खिडक्या. मी म्यूटवरच मान डोलावली.

पन्नास मिनिटांत त्याचं काम झालंसुद्धा. चहा दिला मी त्याला, दुधाचा, आलं घालून! बिल असं होतं: हँडल ९ गुणिले ४८ म्हणजे ४३२, "मेकॅनिझम सर्व्हिस" खिडकीमागे १५ म्हणजे १३५, कॉल-आऊट ६०, झाले ६२७, त्यावर २० टक्के व्हॅट १२५.४०, एकूण ७५२.४०. कार्डाचं मशीन चार्ज नाही म्हणाला म्हणून बँक ट्रान्सफर केला. जुनी हँडलं त्याने एका कॅनव्हासच्या पिशवीत भरली, "मी डिस्पोज करतो, त्याचे पैसे नाही लावत." मी थँक्यू म्हटलं, दोनदा.

तीन आठवड्यांनी किचनचं हँडल फिरलं. नुसतंच, गोल. जुनं फिरलं होतं अगदी तस्संच. दोन दिवसांनी लेकीच्या खोलीतलं. फोन केला तर वाजला आणि कट झाला, मग मेसेज, मग काहीच नाही.

शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर शाळेत केअरटेकर होते, बाग आणि शेड हेच त्यांचं विश्व. कुंपणावरून बोलता बोलता सांगितलं तर स्क्रूड्रायव्हर आणि स्टीलची पट्टी घेऊन आलेच. आधी त्यांनी खिडकी सताड उघडून ठेवली, म्हणाले टेस्ट कायम उघड्या खिडकीवर करायची, बंद करून केली आणि आत काही तुटलं तर अडकून बसशील. मग दोन स्क्रू काढले, दहा-वीस सेकंद लागले असतील, आणि हँडल माझ्या तळहातावर ठेवलं. स्पिंडलच्या टोकाला पांढरट घासल्याच्या खुणा, फक्त शेवटच्या दोन-तीन मिमीला. "टोकानेच धरत होतं बिचारं." पट्टी लावली, ३० मिमी. स्पिंडल गिअरबॉक्सपर्यंत जेमतेम टेकत होता, रोज वापरून कडा घसरल्या आणि सुटला. मग त्यांनी त्यांच्या खोक्यातली एक लांब सळई त्या भोकात घालून फिरवली तर गिअरबॉक्स लोण्यासारखा फिरला, पट्टी वरखाली सरकली, काहीही झालेलं नव्हतं त्याला.

मग बाकीची उघडली. पाच खिडक्यांवर उलटा प्रकार, तिथे स्पिंडल ५५ मिमीचा, आत जाऊन मागे टेकतोय, म्हणून हँडल फ्रेमला चिकटतच नाही, तर ती फट भरायला मागे वॉशर! चकत्या चकत्या. बाथरूमच्या हँडलमागून सहा निघाले. मी ते ओट्यावर ओळीने मांडले आणि नुसती बघत बसले. म्हणजे त्याच्या गाडीत दोनच मापं होती, ३० आणि ५५, आणि आमच्या घराला कुठलंच बसत नव्हतं, आणि हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलेलं असणार. "मेकॅनिझम सर्व्हिस" म्हणजे स्प्रे होता हो, ओघळ आलेले दिसत होते.

बरोबर माप काय ते कसं कळणार, जुनी तर गेली पिशवीतून, असं मी म्हणत होते आणि लेक तिच्या खेळण्याच्या टोपलीतून एक हँडल घेऊन आली. तो माणूस काम करत असताना जमिनीवर पडलेलं तिने उचललं होतं, रोबोटचा हात म्हणून. आणि ते नेमकं तेच, तिच्या खोलीतलं, बिघडलेलं! आजोबांनी मोजलं, ४० मिमी. दांड्याच्या आत जिथे स्पिंडल धरतो तिथला ओतीव धातू चिरलेला होता, म्हणून गोल फिरत होतं. एवढाच बिघाड होता आख्ख्या घरात. आणि दांड्यावर बारीकसं किल्लीचं भोक. म्हणजे लॉक होतंच की, किल्ल्या आमच्या आधीच्या मालकांनी हरवल्या असणार, आम्ही कधी लक्षच दिलं नाही. तशी किल्ली एक-दोन पौंडांना मिळते, मी नंतर बघितलं. इन्शुरन्सवाले खालच्या मजल्याच्या खिडक्यांना किल्लीचं लॉक मागतात हे काही पॉलिसींत खरं आहे, म्हणूनच तर पटलं मला. शंभर टक्के खोटं बोलला असता तर कदाचित मी जागी झाले असते.

फेन्साचं तर हसूच आलं. ती योजना २००२ पासून आहे आणि ती अख्खी खिडकी बदलली तर. हँडलला, किंवा नुसती धुरकट झालेली काच बदलली तरी, सर्टिफिकेट लागत नाही. आणि व्हॅट लावलाय पण बिलावर व्हॅट नंबरच नाही. नंबर नसेल तर व्हॅट लावायचा अधिकार नाही, आणि असेल तर तो सरकारी साइटवर टाकून खरा आहे का बघता येतो, दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याच्या आधी करायचं.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तिने खिडकीबद्दल, पैशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, "जुना नग त्याला नेऊ कसा दिलास?" चिंचवडला आमच्याकडे नळाचा वायसर गेला तरी आधी जुना काढून खिशात टाकायचा आणि हार्डवेअरवाल्याच्या काउंटरवर ठेवायचा, तो डोळ्यांनीच माप घेऊन तसाच काढून देतो. हे मला लहानपणापासून माहितीये. इथे आल्यावर काय होतं कुणास ठाऊक, सगळं "प्रोफेशनल" माणसाने करायचं असं डोक्यात बसतं. चिडले मी तिच्यावर, कारण बरोबर बोलली.

पैशांचं काय झालं ते. बँकेने सांगितलं की माणूस आला, काम केलं, म्हणजे हा तुमचा आणि त्याचा वाद, याला फसवणूक म्हणता येत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर शंभर पौंडांवरच्या खरेदीला कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं, ट्रान्सफरला तसं काही नाही, आणि ते मशीन का चार्ज नव्हतं ते आता कळतंय. मग सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कन्झ्युमर हेल्पलाइनला फोन केला, ०८०८ २२३ ११३३, फुकट आहे. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक गोष्ट सांगितली जी मला अजिबात माहीत नव्हती. घरी येऊन केलेला सौदा असेल, ४२ पौंडांच्या वरचा, तर २०१३ च्या नियमांप्रमाणे १४ दिवसांत रद्द करता येतो, आणि हे त्याने लेखी सांगायला हवं, नाही सांगितलं तर ती मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत वाढते. तातडीच्या दुरुस्तीला आपण स्वतः बोलावलं असेल तर हा हक्क नसतो, पण तो अपवाद ज्यासाठी बोलावलं तेवढ्यापुरताच. म्हणजे लेकीच्या खोलीतलं एक हँडल तातडीचं. बाकीची आठ त्याने तिथे उभं राहून गळ्यात मारलेली.

हे सगळं मुद्देसूद लिहून ईमेल केला, फोटो लावले, वॉशरची ओळसुद्धा. एक उत्तर आलं, "काम पूर्ण झालं, ग्राहक समाधानी होत्या." चहा दिला होता ना! दुसऱ्या ईमेलला उत्तर नाही. बिलावरचा पत्ता भाड्याच्या पोस्टबॉक्सचा निघाला. हेल्पलाइनने तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यावसायिकांवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे पाठवलीये, पैसे परत मिळतील असं त्यांनी कधीच म्हटलं नाही आणि मीही आता मोजत नाही. नवरा अजून मोजतो.

खिडक्या मीच केल्या शेवटी. ४० मिमीची दोन हँडल ऑनलाइन मागवली, साडेसात पौंडांना एक, किल्लीसकट, किचनला आणि लेकीच्या खोलीला लावली. ५५ वाली पाच आजोबांच्या शेडमध्ये व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने १५ मिमी कापली, पहिली वाकडी कापली गेली, बाकीची बरी. कापल्यावर वॉशरशिवाय नीट चपखल बसली. राहिलेली दोन ३० वाली आहेत जिन्यावर आणि स्टोअर रूममध्ये, त्या खिडक्या आम्ही क्वचितच उघडतो, सुटली की बघू. वरच्या बेडरूमच्या किल्ल्या मात्र तिथेच चौकटीशेजारी खिळ्याला अडकवल्यात, आग लागली तर त्याच खिडकीतून बाहेर पडायचं असतं, किल्ली खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कसं चालेल.

लेकीने रोबोटचा हात परत मागितला. दिला नाही. त्याला "४० मिमी" अशी चिठ्ठी चिकटवून किचनच्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याच्या शेजारी ठेवलाय, आणि तिला बदल्यात सहा वॉशर दिलेत, ती त्यांना रोबोटची चाकं म्हणते.