कुंपण, परवाना की मोकळी वाट? म्यानमार सीमेसाठीच्या तीन पर्यायांची तुलना

भारत आणि म्यानमार यांच्यामधील १,६४३ किलोमीटर लांबीच्या सीमेचे काय करायचे, याचे उत्तर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ च्या एकाच आठवड्यात देऊन टाकले होते. संपूर्ण सीमेवर कुंपण घालायचे आणि सीमेलगतच्या रहिवाशांना व्हिसाविना ये-जा करू देणारी मुक्त संचार व्यवस्था बंद करायची, असे ते उत्तर होते. महिना संपण्यापूर्वी, २८ फेब्रुवारीला, मिझोराम विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला आणि दोनच दिवसांनी, १ मार्चला, नागालँड विधानसभेनेही तेच केले. मणिपूरमध्ये मात्र कुंपणाची मागणी खुद्द राज्य सरकारनेच लावून धरली होती. वर्षअखेरीस मुक्त संचार पूर्णपणे बंद होण्याऐवजी तो अधिक कडक नियमांत बांधला गेला. चार राज्यांतून जाणाऱ्या एकाच सीमेबद्दल इतकी टोकाची मते असतील, तर ईशान्येत नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याने, अभ्यासकाने किंवा जागरूक मतदाराने आपले मत कशाच्या आधारावर ठरवावे, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी मेक्सिकोच्या किंवा युरोपच्या सीमेचे दाखले शोधण्याची गरज नाही. कुंपण, मोकळी सीमा आणि परवाना हे तिन्ही पर्याय भारत आपल्याच सीमांवर वर्षानुवर्षे वापरत आला आहे. बांगलादेशाच्या सीमेवर कुंपण आहे, नेपाळची सीमा मोकळी आहे आणि म्यानमारच्या सीमेवर परवान्याची पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक पर्याय कागदावर कसा दिसतो यापेक्षा जमिनीवर तो कसा वागतो, हे पाहता येते. मात्र तुलना करताना चार गोष्टींची गल्लत होऊ द्यायची नाही, कारण चर्चेत ती हमखास होते. सशस्त्र गटांची हालचाल, अमली पदार्थ व मालाची तस्करी, युद्धामुळे जीव वाचवून येणारी माणसे आणि बाजाराला, शेताला, लग्नाला जाणारे शेजारी हे सारे एकाच रेषेवरून जात असले, तरी त्यांना लागू पडणारा उपाय एक नाही.

बांगलादेश: कुंपणाचा अनुभव

बांगलादेशाची सीमा ४,०९६ किलोमीटरहून थोडी अधिक आहे आणि त्यापैकी सुमारे ३,२०० किलोमीटरवर कुंपण उभे आहे. १९८५ च्या आसाम करारानंतर हे काम हाती घेतले गेले आणि चार दशके होत आली तरी ते संपलेले नाही. नद्या, दलदल, भूसंपादनाचे वाद आणि शेजारी देशाचे आक्षेप ही त्याची कारणे आहेत. यातला एक तपशील मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतो. १९७५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षक स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. त्यामुळे कुंपण सीमेवर नसून सीमेच्या आत, भारताच्या जमिनीवर आहे, आणि रेषा व तारा यांच्यामध्ये भारतीय शेतकऱ्यांची शेते, काही ठिकाणी तर घरेही अडकली आहेत. हे शेतकरी ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळी उघडणाऱ्या फाटकातून स्वतःच्या रानात जातात आणि फाटक बंद होण्यापूर्वी परततात. कुंपणाची खरी किंमत मोजताना लोखंडाच्या आणि सिमेंटच्या बिलाइतकीच ही रोजची फाटके लक्षात घ्यायला हवीत.

कुंपणाने काही साधले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. गुरांची उघडी हाकाहाक त्यामुळे कठीण झाली आणि गस्त घालणाऱ्या सीमा सुरक्षा दलाच्या जवानाला विचार करायला दोन-चार मिनिटे मिळू लागली. पण जड माल अडला तरी हलका माल अडत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या तारेवरून पलीकडे फेकता येतात आणि सोने अंगावर लपवता येते. आसाममधील धुबरी जिल्ह्यात ब्रह्मपुत्रेच्या पात्रांमुळे तार लावणेच अशक्य होते, म्हणून मार्च २०१९ पासून तिथल्या ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात संवेदक आणि कॅमेरे यांवर आधारलेली यंत्रणा बसवण्यात आली. जिथे कुंपण नाही तिथेही पाळत ठेवता येते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राला जमिनीवरची आंतरराष्ट्रीय सीमा नाही, तरी सैल सीमेचा धडा आपणही शिकलेलो आहोत. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली, तेव्हा प्रश्न समुद्राला कुंपण नसण्याचा नव्हता. त्या खटल्यात पुढे सीमाशुल्क खात्यातील अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले.

नेपाळ: मोकळ्या सीमेचा अनुभव

नेपाळची १,७५१ किलोमीटरची सीमा ३१ जुलै १९५० च्या मैत्री करारावर उभी आहे. दोन्ही देशांच्या नागरिकांना ती व्हिसाविना ओलांडता येते, राहता येते आणि काम करता येते. बिहार आणि तराई यांच्यामध्ये रोटी-बेटी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि नेपाळी गोरखे भारताच्या सैन्यात आहेत, त्यामुळे ही सीमा बंद करण्याची भाषा फारसे कोणी करत नाही. सशस्त्र सीमा बलाकडे २००१ पासून तिची जबाबदारी आहे. मुलींची विक्री, बनावट नोटा आणि २०१६ च्या दारूबंदीनंतर बिहारकडे येणारी दारू ही तिची दुखणी आहेत. पुण्याच्या जर्मन बेकरी स्फोटातील आरोपी यासीन भटकळ ऑगस्ट २०१३ मध्ये याच सीमेजवळ पकडला गेला, तो गुप्तवार्तेच्या बळावर.

मात्र नेपाळचे उदाहरण म्यानमारला लावण्याचा मोह आवरला पाहिजे. मोकळी सीमा चालते, कारण पलीकडे चालू स्थितीतले सरकार आहे आणि त्याच्या पोलिसांना फोन करता येतो. म्यानमारच्या बाबतीत ही पहिली अटच पूर्ण होत नाही, म्हणून हा पर्याय मी इथेच बाजूला ठेवतो.

म्यानमार: परवान्याचा अनुभव

ही रेषा माणसांना विचारून आखलेली नाही. १८२६ च्या यांदाबो तहाने तिची सुरुवात झाली, १९३७ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा केला आणि १९६७ मध्ये दोन स्वतंत्र देशांनी सीमा करारावर सह्या केल्या. या प्रत्येक टप्प्यावर मिझो आणि चिन, कुकी-झोमी, कोन्याक आणि इतर नागा समाज दोन्ही बाजूंना विभागले गेले. नागालँडच्या मोन जिल्ह्यातील लोंगवा गावात तर सीमा गावप्रमुखाच्या, म्हणजे अंघाच्या, घरामधूनच जाते. ज्या रीह दील सरोवराला मिझो परंपरेत मृतात्म्यांच्या वाटेवरचे स्थान मानतात, ते आज म्यानमारमध्ये आहे.

या वास्तवाला मान देण्यासाठी डोंगरी जमातींना पूर्वी ४० किलोमीटरपर्यंत ये-जा करता येत असे. २००४ मध्ये ती मर्यादा १६ किलोमीटर झाली आणि २०१८ मध्ये दोन्ही देशांनी जमिनीवरील सीमा ओलांडण्याबाबत रीतसर करार केला. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी ती १० किलोमीटरवर आणली. आता आसाम रायफल्स ठरवून दिलेल्या ठिकाणी क्यूआर कोड असलेला सीमा पास देते, बायोमेट्रिक नोंद घेते, आणि पासधारकाला सात दिवसांपर्यंत राहता येते. जुनी व्यवस्था कागदावर नियंत्रित होती, प्रत्यक्षात मात्र बहुतेक वाटांवर कोणीही नसे. परवाना पद्धत अपयशी ठरली असे जे म्हटले जाते, ते बहुतांशी त्या न राबवलेल्या पद्धतीबद्दलचे मत आहे.

तस्करीबद्दलही असेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०२३ च्या अहवालात म्यानमारला जगातील सर्वांत मोठा अफू उत्पादक म्हटले, आणि मेथॅम्फेटामाइन (मेथ) या नशेच्या गोळ्या मणिपूर व मिझोराममार्गे येतात हे जप्त्यांवरून उघड आहे. पण यातला मोठा माल डोंगरातल्या पायवाटेने शेवटपर्यंत जात नाही, त्याला कुठे ना कुठे डांबरी रस्ता आणि ट्रक लागतो. नागपूरकरांना सडक्या सुपारीचे प्रकरण आठवत असेल. म्यानमार सीमेवरून आणलेल्या परदेशी सुपारीच्या तस्करीच्या तपासात डिसेंबर २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने नागपूर आणि मुंबईत छापे घातले होते. सुपारीची पोती ईशान्येपासून विदर्भापर्यंत पोहोचतात तेव्हा ती किती नाक्यांवरून आणि कोणत्या कागदपत्रांवर गेली असतील, याचा विचार केला की सीमेवरच्या तारेचे महत्त्व आपोआप आपल्या मापात येते.

निर्वासितांपुढे तिन्ही पर्याय अपुरे

म्यानमारमधील १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या चिन प्रांतातून आलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांना मिझोरामने आश्रय दिला. त्यांना परत पाठवावे असे केंद्राने कळवले होते, पण तेव्हाच्या राज्य सरकारने ते मानले नाही, आणि गावोगावच्या यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी अन्न व निवारा उभा केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये चिन सशस्त्र गटांनी मिझोराममधील झोखावथार या सीमेवरच्या गावासमोरचे म्यानमारचे रीखावदार घेतले, तेव्हा तर म्यानमारचे सैनिकच सीमेवरची तियाऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये आले आणि त्यांना परत पाठवावे लागले. विमानातून बॉम्ब पडत असताना पळणारे कुटुंब कुंपणाला वळसा घालते किंवा त्याच्या पायथ्याशी जमते. दोन्ही परिस्थितींत निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. २०२५ चा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा त्यांच्याकडे परदेशी म्हणूनच पाहतो. अशा वेळी त्यांची नोंद ठेवणे हे किमान काम आहे. मिझोरामने २०२५ मध्ये बायोमेट्रिक नोंदणी सुरू केली, हे मला कित्येक किलोमीटर तारेपेक्षा सुरक्षेच्या दृष्टीने मोलाचे वाटते, कारण दिवसाढवळ्या पुलावरून येऊन नाव नोंदवणारा माणूस आणि रात्री जंगलातून येणारा माणूस यांत फरक करता येणे हीच सीमा सांभाळणाऱ्याची पहिली गरज असते. वाट बंद केली की पहिलाही दुसऱ्याच्या वाटेने येऊ लागतो.

पैसा, भूगोल आणि माझा कौल

संपूर्ण कुंपण आणि त्यालगतचे रस्ते यांसाठी सुमारे ३१,००० कोटी रुपयांना तत्त्वतः मान्यता मिळाल्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये समोर आले. भागाकार केला तर किलोमीटरला जवळपास १९ कोटी रुपये पडतात. अरुणाचलातील ५२०, नागालँडमधील २१५, मणिपूरमधील ३९८ आणि मिझोराममधील ५१० किलोमीटरचा बराचसा भाग उंच, पावसाळी आणि दरडी कोसळणाऱ्या डोंगरांचा आहे. उभारणीपेक्षा देखभाल महाग पडण्याची शक्यता तिथे अधिक आहे. शिवाय कुंपणावर नजर ठेवायला माणूस लागतोच, आणि आसाम रायफल्सवर बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांचाही भार आहे.

या सगळ्यातून निघणारे माझे मत सरसकट नाही. मणिपूरमधील मोरे आणि म्यानमारमधील तामू या गावांमधील सखल, वर्दळीच्या पट्ट्यात कुंपण आणि त्यालगतचा गस्तीचा रस्ता योग्य आहे. तिथे मोठी बाजारपेठ आहे, इंफाळकडे जाणारा महामार्ग आहे आणि ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांत झालेल्या हिंसाचारानंतर मैतेई समाजाची असुरक्षिततेची भावना नाकारून चालणार नाही. तेवढ्याच ठामपणे कुकी-झो आणि नागा संघटनांचा आक्षेपही नोंदवला पाहिजे, कारण कुंपण कोणाच्या गावाच्या कोणत्या बाजूने जाणार हे त्यांना आधी विचारलेले नसते. मिझोरामच्या सीमेवर कुंपणापेक्षा पासची ठिकाणे वाढवावीत आणि झोखावथारला ट्रक तपासणीची यंत्रे व प्रयोगशाळा द्यावी. ज्या गावाला जवळचे पास केंद्र एका दिवसाच्या चालीवर आहे, ते गाव नियम पाळणार नाही, आणि त्याचा दोष गावाला देता येणार नाही. नागा डोंगरांत लोंगवासारख्या ठिकाणी कुंपण घालण्याचा विचार मला थेट अव्यवहार्य वाटतो. तिथे ग्रामपरिषदेला सोबत घेऊन नोंदवही ठेवणेच शक्य आहे.

ज्याला उरलेल्या सीमेबद्दल निर्णय घ्यायचा आहे, त्याने एक माहिती आधी मागवावी. मोरे येथे कुंपणाचा पहिला, सुमारे दहा किलोमीटरचा टप्पा पूर्ण झाला आहे. तो होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या जप्त्या, त्यांतील किती रस्त्यावरच्या नाक्यावर आणि किती सीमारेषेवर झाल्या याची विभागणी, आणि त्याच काळात कुंपण नसलेल्या झोखावथारच्या बाजूला झालेल्या जप्त्या, अशी ती नोंद असावी. तस्करी थांबली की फक्त दक्षिणेकडे सरकली, हे तिच्यावरून कळेल, आणि पुढच्या किलोमीटरचे १९ कोटी मंजूर करण्यापूर्वी ते कळायला हवे.