चावी बंद केल्यानंतरचा उजेड: गाडीला बसवलेल्या टायमर-दिव्याचा तीन हंगामांचा अनुभव

आमच्या फिडरला (गावाकडच्या वीजलाईनीला) शेतीपंपांची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गहू-हरभरा भिजवायला आखाड्यावर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, जावंच लागतं. परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आमचं रान आहे. गावापासून पांदणीचा रस्ता, आणि गावाची शीव ओलांडली की एकही दिवा नाही. मोटरसायकल चालू आहे तोवर काही वाटत नाही. चावी फिरवली की हेडलाईट विझतो आणि पुढचं मिनिटभर माणूस आंधळा होतो.

ते मिनिट नेमकं सगळ्या कामाचं असतं. स्टँड लावायचा, डबा आणि खताची पिशवी सोडायची, धुऱ्यावरून (बांधावरून) पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंत चालायचं. उजेडातून एकदम अंधारात आल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, वयस्कर माणसाला त्याहून जास्त. आमचे आबा साठीच्या पुढचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, आणि तीच गाडी घेऊन ते एकटेही जातात. चावी बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहणाऱ्या या दिव्याच्या मागे मी लागलो ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

१ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाईटचं बटणच नाही. इंजिन चालू तर दिवा चालू, इंजिन बंद तर दिवा बंद. समोरच्याला आपण दिसावं म्हणून तो नियम आहे आणि तो चांगलाच आहे, पण गाडी लावल्यावर दिवा थोडा वेळ चालू ठेवायची सोय त्यात राहत नाही. चारचाकीत ही सोय कधीपासून आहे, एथरसारख्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही कंपनीकडूनच येते. शंभर-सव्वाशे सीसीच्या ज्या गाड्या आमच्याकडं घरोघरी आहेत, त्यांत मला ती कुठं दिसली नाही.

म्हणून गेल्या दसऱ्याला वायरिंगच्या मिस्त्रीकडून बाहेरचा टायमर बसवून घेतला. काडेपेटीएवढी डबी, आत छोटा रिले (करंटनं आपोआप चालू-बंद होणारा स्विच) आणि वेळ कमी-जास्त करायचा स्क्रू. एक वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला, एक चावीच्या स्विचपुढच्या लाईनला, एक अर्थिंगला. चावी बंद केली की टायमर ठरलेला वेळ सप्लाय चालू ठेवतो आणि मग स्वतःच तोडतो. दिवा, वायर आणि मजुरी धरून आठशेच्या आत काम झालं.

मला आधी हेडलाईटच मिनिटभर चालू ठेवायचा होता. मिस्त्री म्हणाला, “दादा, गाडीचं तोंड पांदणीकडं अन् तुमचं जाणं धुऱ्याकडं. उजेड बाभळीवर पाडून काय करता?” त्यानं वायर जोडून दाखवलीही. बरोबर होतं त्याचं. हेडलाईट लांबचं दाखवतो, पायाखालचं दाखवत नाही. शिवाय नव्या गाड्यांच्या हेडलाईटची वायर मध्येच कापली तर वॉरंटीचा प्रश्न येतो. मग त्यानं डाव्या बाजूला, लेगगार्डच्या खालच्या नळीला नऊ वॅटचा छोटा एलईडी बसवला, तोंड खाली आणि थोडं मागं. डावी बाजू अशासाठी, की आपण उतरतो डावीकडं आणि साईड स्टँडही डावीकडंच.

हा दिवा गाडी चालताना लागत नाही, आणि माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नुसता टायमर लावला तर चावी चालू असेपर्यंतही तो सप्लाय देतच राहतो. म्हणून मध्ये पाच पिनांचा रिले टाकलाय. चावी चालू असताना रिले ओढलेला राहतो आणि दिव्याची लाईन तुटलेली. चावी बंद केली की रिले सुटतो, ८७ए नंबरच्या पिनमधून दिव्याला सप्लाय जातो, आणि टायमर संपेपर्यंत राहतो. समोरच्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत मारत फिरणाऱ्या गाड्या आमच्या रस्त्यांवर आधीच फार झाल्यात, त्यांत मला भर घालायची नव्हती. मिस्त्री हा रिले टाकायचा कंटाळा करत असेल तर दुसरा मिस्त्री बघा.

आता बॅटरीचं, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. पस्तीस वॅटचा हॅलोजन बल्ब बारा व्होल्टला जवळपास ३ अँपिअर ओढतो. मिनिटभर लावला तर ०.०५ अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं माप) गेले. छोट्या गाड्यांची बॅटरी साधारण ३ ते ४ अँपिअर-अवरची, म्हणजे एका वेळेला दीड टक्क्याच्या आसपास. नऊ वॅटच्या एलईडीला याचा चौथा हिस्सा लागतो. गाडी परत चालू झाली की एवढं चार्जिंग लगेच भरून निघतं. डिसेंबरच्या कडाक्यात, पहाटे पारा दहाच्या खाली गेला होता तेव्हाही, सेल्फनं गाडी उचलली.

खरा चोर वेगळा आहे. टायमरची डबी थेट बॅटरीला जोडलेली असते, त्यामुळं दिवा विझलेला असतानाही ती थोडा थोडा करंट खात राहते. मी मल्टीमीटर लावून पाहिलं, तर चार-पाच मिलिअँपिअर भरले. आकडा किरकोळ वाटतो, पण पाच मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला ०.१२ अँपिअर-अवर. तीनची बॅटरी गाडी न हलवता ठेवली तर पंचविसेक दिवसांत पार रिकामी होईल, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडेल. रोज गाडी फिरते त्याला काही फरक पडत नाही. पण जे ऊसतोडीला किंवा पुण्याकडं कामाला चार-सहा महिने जातात आणि गाडी घरी उभी असते, त्यांनी निघताना टायमरचा फ्यूज काढून ठेवावा. घेताना दुकानातच मीटर लावून बघा. काही डब्या आकाराला तेवढ्याच असतात, पण खातात दुप्पट-तिप्पट.

वेळ किती ठेवायचा ते जागेवर चालून ठरवा. मी गाडी लावून नेहमीच्या चालीनं स्टार्टरपर्यंत गेलो, पेटीचं दार उघडलं, आणि त्यावर थोडा वेळ वाढवून स्क्रू बसवला. साधारण सव्वा मिनिट होतं. आबांसाठी ते कमी पडायला लागलं म्हणून दीडवर नेलं. स्क्रूच्या टायमरचा वेळ ऊन-थंडीनं थोडा मागं-पुढं होतो, हे मला मार्च-एप्रिलच्या उन्हात जाणवलं. काम अडत नाही, पण सेकंदाला सेकंद जुळावा अशी अपेक्षा ठेवू नका.

पावसाळ्यात या दिव्याची खरी परीक्षा झाली. आमची काळी माती एकदा भिजली की चाकाला, मडगार्डला, सगळ्याला थापते, आणि खाली बसवलेल्या दिव्याची काच दोन खेपांत झाकून जाते. ती अंगठ्यानं पुसायची सवय लावावी लागते, त्याला दुसरा इलाज सापडला नाही. वर बसवला तर चिखल लागत नाही, पण उजेड पायाखाली पडत नाही. मी खालीच ठेवला. वायरीच्या सांध्यांवर स्लीव्ह गरम करून बसवलेली होती म्हणून पाणी शिरलं नाही. नुसत्या टेपवर विसंबू नका. उंदरांनी मात्र गोठ्यात उभ्या गाडीची एक वायर कुरतडली. तेव्हापासून सगळी वायर नळीतून फिरवलीय.

पावसातच एक फायदा असा कळला, जो मी धरलाच नव्हता. ओल्या रानात साईड स्टँड घुसतो आणि गाडी कलंडते. चावी आधी बंद करून मग स्टँड खाली घेतला की त्या उजेडात टणक जागा दिसते, नाहीतर तिथलीच चपटी फरशी पायानं सरकवून स्टँडखाली घेता येते. आबांना हे फार आवडलंय.

दिव्याचा रंग पिवळसर घ्या. सुरुवातीला पांढरा होता. ज्येष्ठात पहिला पाऊस पडल्यावर त्याच्याभोवती पाखरांचा एवढा थवा जमायचा की खाली वाकता येईना. पिवळ्यावर पाखरं येतात, पण बरीच कमी. धुक्या-पावसात डोळ्यांनाही तो बरा वाटतो.

सापांबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. घोणस, फुरसं, मण्यार, नाग, चारही आमच्या भागात आहेत. मण्यार रात्रीच फिरते. घोणस आणि फुरसं हलत नाहीत तोवर पाचोळ्यात ओळखूसुद्धा येत नाहीत. गाडीचा दिवा तेवढाच तुकडा उजळतो, सगळा धुरा नाही. म्हणून हातात बॅटरी, म्हणजे टॉर्च, हवीच, पायात गमबूट हवेत. मोबाईलची टॉर्च मी धरत नाही, कारण दोन्ही हातांत सामान असतं आणि ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. डब्याच्या पिशवीतून बॅटरी काढून हातात घेईपर्यंतचं मिनिट हा दिवा सांभाळतो. कोणाला चावा झालाच तर मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. तो अवयव हलवू न देता १०८ ला फोन करा, सापाच्या विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं.

गावात याचा उपयोग वेगळा. रात्री सिंगल फेज, म्हणजे घरची वीज, गेलेली असली की वाड्याच्या दाराचं कुलूप चाचपडत शोधावं लागायचं, तिथं आता पायरी दिसते. अर्धं मिनिट पुरतं. दूध घालायला पहाटे चारला उठणाऱ्या आमच्या चुलतभावानं हे बघून आपल्या गाडीला तसंच करून घेतलं.

त्याची गाडी जुनी आहे, त्यामुळं एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालत नाही, इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. इंजिन बंद झालं की त्याला सप्लाय येणारच नाही, मग टायमर कितीही चांगला असो. अशा गाडीला बॅटरीवरचा वेगळा एलईडी हाच मार्ग, आणि त्याआधी बॅटरी बदलावी लागते का ते बघावं. चुलतभावाची बॅटरी नुसता हॉर्न वाजवण्यापुरती उरली होती, ती बदलल्यावरच त्याचा दिवा दीड मिनिट टिकायला लागला.