रुतलेलं नख आणि परळचं एक छोटं सर्जिकल क्लिनिक

मी पोस्टमन आहे. परळ-लालबागची बीट आहे, निम्म्या चाळींना लिफ्ट नाही. उजव्या पायाचा अंगठा दोन वर्षं ठणकत होता आणि माझी भाकरी त्याच पायावर आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझ्यासारखे दिवसभर बूट घालून फिरणारे खूप आहेत, त्यांचा त्रास तरी वाचेल.

नखाची कड मांसात रुतली होती. घरात सगळे नखुरडं म्हणायचे. लिंबाची टोपी घालून झाली, हळद-तेल झालं, मीठपाण्यात पाय बुडवून झाले. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटायचं, संपल्या की आठवड्याभरात पुन्हा पू. मग एका ठिकाणी अख्खं नख काढलं. वर्षभराने नवीन नख आलं आणि त्याच कोपऱ्यात रुतलं. त्या दिवशी मी खरंच हताश झालो. बाजूला लाल, ओलसर मांस वर आलं होतं, मोजा नुसता घासला तरी रक्त यायचं. रात्री चादरीचं ओझंही सहन होत नव्हतं.

या क्लिनिकचं नाव ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं. परळ स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पण घाई अजिबात नाही. अंगठा बघायच्या आधी त्यांनी माझे बूट मागितले. एक कोरा कागद जमिनीवर ठेवला, मला त्यावर उभं केलं आणि पेनने पायाची आकृती काढली. मग बूट त्या आकृतीवर ठेवला. पाय बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता. दहा वर्षं मी त्याच नंबरचे बूट घेतोय. "काका, वय वाढतं तसा पाय पसरतो. बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो," त्या म्हणाल्या.

दुसरं कारण नेलकटर. मी नखाचे कोपरे गोल करून अगदी खोलवर कापायचो, स्वच्छ दिसतं म्हणून. तिथेच आत एक अणकुची राहते. नख वाढतं तशी ती पुढे सरकत मांसात घुसते. त्यात आमचा पावसाळा. दिवसभर ओल्या मोज्यात पाय राहिला की कातडी पांढरी, मऊ पडते आणि नखाला वाट सोपी होते. नख सरळ रेषेत कापायचं आणि कोपरा कातडीच्या बाहेर दिसेल इतकं ठेवायचं, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

गोळ्यांचा उपयोग का झाला नाही तेही तेव्हा कळलं. काटा आत ठेवून जखम बरी करायला निघालो होतो. आणि अख्खं नख काढूनही ते परत रुतलं, कारण कातडीखालचं मूळ तसंच होतं. ते तेवढ्याच रुंदीचं नख पुन्हा तयार करणार. त्रास नुकताच सुरू झाला असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवतात, तेवढ्यावरही भागतं. माझं त्याच्या पलीकडे गेलं होतं.

आधी शुगर तपासली. मग अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी बधिर करायचं इंजेक्शन. खरं दुखतं ते एवढंच, पण चांगलंच दुखतं. दहा मिनिटांनी सुई टोचून बघितली, काही कळलं नाही. रक्त थांबावं म्हणून बुडाशी रबर आवळला आणि नखाची फक्त एका बाजूची पट्टी उभी कापून ओढून काढली. ती त्यांनी गॉजवर ठेवून मला दाखवली. जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, आणि एका टोकाला बोंबलाच्या काट्यासारखं टोक. दोन वर्षं मला छळत होता तो असाच काटा. मग तेवढ्याच भागाच्या मुळाला कापसाच्या काडीने फिनॉल नावाचं, मूळ जाळणारं रसायन लावलं, म्हणजे त्या कडेला नख सहसा परत येत नाही. एकूण अर्धा तास. मी स्वतः जिना उतरून टॅक्सीत बसलो.

फिनॉलमुळे जखमेतून दोन-तीन आठवडे पाणी येतं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. लाली वर चढली, ताप आला किंवा पू दिसला तर मात्र लगेच या, असं कागदावर मराठीत लिहून दिलं. माझी बायको सोबत होती, तिला बारा वर्षं डायबिटीस आहे. मॅडमनी तिचे पाय न मागता तपासले आणि घरात ब्लेडने कोपरा कोरायचा नाही, म्हणून बजावलं. साखर असलेल्या माणसाला पाय बधिर पडल्यामुळे जखम कळत नाही आणि संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. तिच्या तपासणीचे पैसे घेतले नाहीत.

मला आणखी एक गोष्ट विचारली: जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात का? आमच्याकडे हिंदमाता चौकात पावसात पाणी तुंबतं, त्यातून दरवर्षी चालतोच. लेप्टोची (उंदरांच्या लघवीमुळे दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे होणारा ताप) भीती त्यातच असते, म्हणून पाण्यातून आल्यावर पाय धुवून लगेच पालिकेच्या दवाखान्यात दाखवायचं. आता आमच्या ऑफिसात मी सगळ्यांना हे सांगतो.

तक्रारी दोन. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उंच पायऱ्यांचा. पाय दुखणाऱ्या माणसाला तो फार जड जातो. आणि शनिवारी नंबर लावूनही मला दीड तास बसावं लागलं. दोन ड्रेसिंग धरून साडेचार हजार झाले, आकडा आधी सांगितला तेवढाच.

पाच महिने झाले. नख थोडं अरुंद दिसतं, दुखत नाही. बूट एक नंबर मोठे घेतले, पुढून रुंद. जाणार असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारला जा, गर्दी नसते. आणि रोजचे बूट घालूनच जा, ते त्यांना बघायचे असतात.