म्हशींच्या घरातली मी, आणि दुधाशिवायचे आठ महिने

आधी चहाचं सांगून टाकते, कारण भेटेल तो माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. गेल्या जूनपासून आजपर्यंत दुधाऐवजी मी चहात जे जे ओतलं, त्यातलं एकही टिकलं नाही. आता मी कोरा चहा पिते. एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

नारळाच्या दुधाचा चहा पहिल्या दिवशी केला. वर तेलाचे डोळे तरंगत होते आणि वास थेट न्हाणीघरातला. डोक्याला लावायचं तेल गाळून प्यावं तसं वाटलं. मग खोक्यातलं सोया आणलं. त्याच्या चहाला कच्च्या वाटाण्यासारखा वास येतो, आणि आलं जरा जास्त ठेचलं गेलं की ते फाटतं. ओट्सचं गरम केल्यावर बुळबुळीत होतं, पेजेत चहा पावडर पडल्यासारखं. बदामाचं म्हणजे पांढरं पाणी. खोक्याला तीनशेच्या आसपास मोजले आणि मागे बारीक अक्षरात बदामाचा टक्का वाचला, तेव्हा स्वतःवरच हसले. घरी केलेलं काजूचं दूध त्यातल्या त्यात बरं. आमच्या सांगलीच्या गणपती पेठेतून तुकडा काजू आणायचा, दहा-बारा तुकडे भिजवून ग्लासभर पाण्यात वाटायचे. रंग छान येतो. पण उकळी आली की ते दाटतं, आणि दोन घोटांनंतर आपण चहा पितोय की पातळ शाही भाजी, असा प्रश्न पडतो. महिनाभर रेटून पाहिलं. शेवटी गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा सुरू केला. एक फायदा झाला: गुळाचा चहा नासायची भीती गेली. नासायला त्यात काही उरलंच नाही.

आता कारण. मी शाळेत शिकवते. सकाळचा चहा आणि कपभर दूध घेऊन निघालं की दुसऱ्या तासाला पोटात गुडगुड, फुगारा, कधी कधी वर्ग सोडून पळायची वेळ. ही पित्ताची तक्रार समजून मी कितीतरी वर्षं काढली. मिरजेच्या एका डॉक्टरांनी साधा प्रयोग सांगितला. दोन आठवडे दूध पूर्ण बंद, आणि मग एके दिवशी उपाशीपोटी ग्लासभर दूध. दोन आठवडे पोट गप्प राहिलं. पंधराव्या दिवशी ग्लास रिकामा केला आणि दोन तासांत उत्तर मिळालं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज नावाचं विकर लहान आतड्यात तयार होतं, आणि पुष्कळ लोकांत ते वयाबरोबर कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि पुढचा सगळा वायूचा कारभार.

दुधाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार आहे, हे इथेच सांगते, कारण शेजारणीने दोन्हींची गल्लत केली होती. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. तिथे चमचाभरही चालत नाही, आणि तुपाचंही डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. माझी तक्रार साखरेची. कढवलेल्या तुपात ती साखर जवळपास नसतेच, म्हणून वरणभातावरचं तूप राहिलं. तूपही सुटलं असतं तर आठ महिने काढले असते की नाही, खात्री नाही.

माझं माहेर पलूस तालुक्यात, भिलवडीपासून जवळच. दादाच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीला जाते, आणि आज फॅट किती लागली याची चर्चा आमच्या घरी पोरांच्या मार्कांपेक्षा जास्त होते. तिथे जाऊन "मला दूध नको" म्हणायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आई दोन दिवस बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हशीच्या घरात जलमलीस आन् दूध सोसंना व्हय तुला? तांब्याभर निरसं पिऊन साळंला जायचीस की!" आता त्या वयात विकर होतं आणि या वयात ते आटलं, हे तिला कसं सांगायचं? "म्हैस भाकड होती तसं झालंय माझं पोट," असं म्हटलं. ते मात्र तिला लगेच पटलं.

सोयाबीनचं दूधही माहेरामुळेच जमलं. खोक्यातलं सोडून घरी करून बघावं म्हणून दादाकडून पाच किलो सोयाबीन आणलं. दादाने पोत्यावर हात ठेवून बजावलं, "पेरणीच्या पिशवीतलं घेऊ नको, त्याला औषध लावलंय." हे शहरातल्यांनी लक्षात ठेवा. बियाण्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं, खायला मळणीचंच घ्यायचं. वाटीभर रात्री भिजवते, सकाळी चोळून सालं काढते. वासाची भानगड अशी, की दाणा गार पाण्यात भरडला की त्यातलंच एक विकर कामाला लागतं आणि तो कच्चट वास सुटतो. म्हणून दाणे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचे आणि गरम पाण्यातच वाटायचे. पंच्यातून गाळून पुन्हा वीस मिनिटं उकळायचं, कारण कच्चं सोया पचायला जड जातं. उतू फार जातं, तेव्हा ओट्यासमोरून हलायचं नाही. वाटीभरात लिटरच्या वर दूध निघतं आणि उरलेला चोथा थालीपिठात खपतो. प्रथिनांत गाईच्या दुधाच्या बरोबरीला येणारं, मी वापरलेल्यांपैकी हे एकच. पिताना वेलची आणि खजूर लागतोच. नुसतं पिववत नाही, उगाच खोटं कशाला सांगू?

याच दुधात लिंबू पिळून टोफूही केला. वर पाट्याचा वरवंटा ठेवून दाबला. धाकटा म्हणाला, "आई, हे खोडरबर आहे." भाजीत खरंच खोडरबर लागतं. कांदा-टोमॅटो घालून भुर्जी केली की कुणी विचारत नाही.

खरा छळ दह्याने मांडला. चहा सुटला, दूध सुटलं, पण शेंगाच्या चटणीवर दही, भाकरीबरोबर दही, उन्हाळ्यात ताक, कढी... इथे किती ठिकाणी हात आपसूक दह्याकडे जातो हे ते बंद झाल्यावर समजलं. सुरुवातीला मी दह्यासारखं दही शोधत बसले आणि प्रत्येक वेळी खट्टू झाले. मग प्रत्येक ताटात दही करत काय होतं, ते बघायला लागले. चटणीवर ते तिखट मारायला असतं, तिथे कच्चं शेंगतेल चालतं. आमच्याकडे जुनी माणसं तसंच खायची. काकडीच्या कोशिंबिरीत ते आंबटपणाला असतं. खमंग काकडीत दाण्याचं कूट आणि लिंबूच असतं की, दही कुठे असतं? जेवणानंतरच्या ताकाची जागा आमसुलाच्या साराने घेतली. आषाढीला तर लक्षातही आलं नाही, कारण वरई आणि दाण्याच्या आमटीत दुधाचा थेंब नसतो.

कढी मात्र दह्याशिवाय होत नाही. त्यासाठी शेंगदाण्याचं दही लावायला शिकले, आणि त्यावर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून तीन वाट्या पाण्यात वाटायचे, गाळून पाच-सात मिनिटं ढवळत तापवायचे. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ टोपीसकट धुऊन बुडवायचे. देठांवर आंबवणारे जिवाणू असतात. ऐकीव वाटेल, पण लागतं. पहिल्यांदा लागलं नाही, दुसऱ्यांदा वास आला म्हणून ओतून दिलं, तिसऱ्यांदा लागलं. कवडीचं दही डोळ्यांसमोर आणू नका. मऊसर लागतं, पाणी सुटतं, आणि शेंगदाण्याचा गोडसर वास राहतोच. साखर घालून वाटीत खायचा पदार्थ हा नव्हे. कढीत मात्र डाळीचं पीठ, आलं, मिरची आणि फोडणीखाली तो वास दबतो. आच मंद ठेवायची, नाहीतर फुटतं. दाणे निवडून घ्या. खवट किंवा बुरशी धरलेला दाणा निवडताना टाकून द्यायचाच.

गोडाधोडाचं आटोपतं घेते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला पर्याय नाही. दीर दर खेपेला पुडा आणतात आणि मी बघत बसते. पुरणपोळी दुधाऐवजी गुळवणीबरोबर खाते, ती तर आमच्या भागातली मूळचीच रीत. खपली गव्हाच्या खिरीत नारळाचं दूध घातलं, आणि चहात नको झालेला तो वास इथे हवाहवासा वाटला. कोजागिरीला विश्रामबागेत आमच्या गच्चीवर मसाला दुधाची मोठी कढई होती. मी काजू-बदामाचं वेगळं पातेलं केलं. केशर, जायफळ, वेलची पडल्यावर चौघींनी माझ्या पातेल्यातलं मागून घेतलं आणि मला अर्धा पेलाच उरला. काजूचं दूध दाटतं हा चहातला दोष तिथे गुण ठरला.

बाहेरचं खाताना पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लागली. बिस्किटात, काही पावात, मसाला लावलेल्या वेफर्समध्ये दुधाची भुकटी किंवा व्हे पावडर (दुधाच्या निवळीची भुकटी) निघते. काही गोळ्यांत भर म्हणून लॅक्टोज असतं, पण इतकं थोडं की मला त्रास झाला नाही. सांगलीकराचं नशीब असं की भडंगात यातलं काही नसतं. सोया-बदामाच्या खोक्यांवर 'दूध' हा शब्द शोधू नका. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांना तो शब्द वापरण्याविरुद्ध विक्रेत्यांना बजावलं, त्यामुळे 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असं लिहिलेलं सापडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. आधी सोयावर १२ आणि बाकीच्यांवर १८ होता. तरी रोज म्हशीचं दूध घेणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नाही. माझ्या घरात आता खोकं येतं ते प्रवासापुरतं.

एक चूक माझी झाली, ती लपवत नाही. मी कॅल्शियमच्या मागे लागले. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, शंभर मिलि म्हशीच्या दुधात १२० च्या आसपास मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर. मग नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी सगळं जोरात सुरू झालं. वहीत हिशोब मांडायचे. आणि बी-१२ विसरले. आम्ही शाकाहारी. आमच्या ताटात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच येत होतं, नाचणी-तिळात ते नसतंच. डिसेंबरात पाय जड पडायला लागले, थकवा जाईना, तेव्हा तपासणी केली. पातळी बरीच खाली निघाली. आता गोळ्या चालू आहेत. अंडीही न खाणाऱ्यांनी दूध सोडतानाच डॉक्टरांना हे विचारून घ्यावं, माझ्यासारखं सहा महिन्यांनी नव्हे.

लोकांचं काय? सांगलीत कुणाच्या घरी चहा नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "अर्धा कप तरी घ्या" ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दारातच "कोरा टाका हं" म्हणते. पहिल्या वेळी लोक आजारी समजतात, दुसऱ्या वेळी लक्षात ठेवतात. भाऊबीजेला माहेरी गेले तर वहिनीने न विचारता दोन पातेली चढवली होती. "वन्सं, तुमचं काळं पाणी ह्या बाजूला," म्हणाली. आईने त्यातला एक घोट घेतला आणि "काढा हाय नुसता" म्हणत कप परत सरकवला.

दूध सोडून सहा महिने झाल्यावर खऱ्या दह्याचीही परीक्षा घेतली. विरजण लागताना जिवाणू त्यातली काही साखर खाऊन टाकतात, म्हणून दही अनेकांना सोसतं. दोन चमचे आंबट दही जेवणात घेतलं, काही झालं नाही. आठवड्याने वाटीभर घेतलं, रात्रभर जागी. म्हणजे माझी हद्द दोन चमच्यांची. तेवढं रविवारी घेते.

बाकी सहा दिवस शेंगदाण्याचंच. सध्या थंडी आहे, त्यामुळे ते लवकर लागत नाही. काल रात्री लावलेलं भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलंय. चौदा तास होत आले, आत्ताच झाकण काढून पाहिलं. कडेने धरलंय, मध्ये अजून पाणीच आहे. संध्याकाळी कढी होणार की पिठलं, ते चारला बघू.