बटणांचा २जी फोन, ४जी फीचर फोन की सोपा करून दिलेला स्मार्टफोन?

साधा फोन घ्यायचा, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: साधा म्हणजे कोणता? एक, फक्त २जीवर चालणारा बटणांचा फोन. दुसरा, दिसायला तसाच, पण ४जी चालणारा फीचर फोन. तिसरा, नेहमीचाच स्मार्टफोन, सेटिंगमधून सोपा करून दिलेला. घरातल्या वयस्कर माणसासाठी असो, शाळकरी मुलासाठी असो की स्वतःसाठी, निवड या तिघांतूनच करायची असते.

माझं मत आधीच सांगते. बहुतेकांसाठी मधला पर्याय बरा. पण तिन्हींतला कुठलाही फोन खोक्यातून काढून तसाच कुणाच्या हातात दिला, तर तो सुरक्षित नसतो. ‘साधा फोन आहे, त्यात कसली आलीय फसवणूक’ हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. फसवणाऱ्याला अ‍ॅप लागतंच असं नाही, फोन उचलणारा माणूस पुरतो.

आधी नेटवर्क, मग फोन

लोक स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी बघतात आणि नेटवर्क शेवटी विचारतात. क्रम उलटा हवा. २जी जगभर हळूहळू बंद होत आहे. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या फोन कंपनीने २०१६च्या अखेरीस ते बंद केलं, अमेरिकेत एटी अँड टीने २०१७च्या सुरुवातीला, सिंगापूरमध्येही २०१७ मध्येच ते गेलं. जर्मनीत मात्र २०२१ मध्ये ३जी बंद झालं आणि २जी त्यानंतरही चालू राहिलं. म्हणजे ‘जुनं ते आधी जातं’ असाही नियम नाही. तुमचं सिम ज्या कंपनीचं, तिचं २जी किती काळ राहणार हे विचारल्याशिवाय २जी फोन घेऊ नका. फोन दहा वर्षं टिकेल इतका दणकट असून उपयोग काय, रेंजच गेली तर?

४जी फीचर फोनमध्ये एक बारकी मेख आहे. ४जी मुळात डेटासाठी बांधलेलं जाळं आहे. त्यावरून बोलायला व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल नेण्याची सोय, लागते. ती फोनमध्ये नसेल, किंवा असूनही तुमच्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नसेल, तर फोन कॉलसाठी खाली २जी किंवा ३जीवर उतरतो. खालचं जाळं बंद झालं की कॉलही बंद. ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑक्टोबरपासून ३जी बंद करताना हेच समोर आलं: काही ४जी फोन नेहमीचे कॉल ४जीवरून करत होते, पण आपत्कालीन कॉल मात्र ३जीवरूनच लावत होते. असे फोन तिथे बदलावे लागले. म्हणून खोक्यावर ‘४जी’ छापलेलं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आपलंच सिम घालून कॉल लावा आणि कॉल चालू असताना वर ४जी, एचडी किंवा व्होएलटीईची खूण टिकते का ते बघा. ती जाऊन ‘ई’ (म्हणजे २जी) किंवा ‘३जी’ दिसलं, तर फोन खाली उतरला.

स्मार्टफोनला ही अडचण कमी येते, पण परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या स्मार्टफोनचं हेच तपासून घ्यावं.

हाताला आणि कानाला काय सोसतं

टचस्क्रीन बोटातल्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालते. वयामुळे कोरडी पडलेली बोटं तिला नीट कळत नाहीत, थरथरणारा हात एका स्पर्शाचे तीन करतो. बटण दाबलं की दाबलं गेल्याचं बोटालाच समजतं. शिवाय ५च्या बटणावर एक छोटा उंचवटा असतो, त्यावरून न बघता बाकीचे आकडे शोधता येतात. नजर कमी झालेल्या माणसासाठी हा उंचवटा मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त कामाचा. फोन निवडताना तो अंगठ्याला जाणवतो का, हे त्या माणसालाच करून बघू द्या.

स्मार्टफोन सोपा करण्याची सोय मात्र आता खरोखर चांगली झाली आहे. सॅमसंगचा ‘ईझी मोड’ अक्षरं आणि चिन्हं मोठी करतो. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आणलेला ‘असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस’ तर पूर्ण पडदाच मोजक्या मोठ्या चौकोनांवर आणतो. ज्याला नातवंडांना व्हिडिओवर बघायचंय, त्याला बटणांचा फोन देऊन मन मारायला लावू नये. फक्त अपडेट, सूचना, भरलेली मेमरी हे सगळं मागे चालूच राहतं, आणि त्याकडे बघणारं कुणीतरी लागतं.

बॅटरीत २जी फोन उजवा. नुसता पडून राहिला तर दिवसचे दिवस चालतो. ४जी फीचर फोन त्याहून कमी, स्मार्टफोन रोज लावावा लागतो. अनेक बटणफोनची बॅटरी काढता येते, हा मोठा फायदा आणि थोडी जबाबदारीही. नोकियाची बीएल-५सी ही बॅटरी असंख्य फोनांत गेली. २००७ मध्ये कंपनीने त्यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, कारण चार्ज होताना त्या तापून निसटण्याची शक्यता होती. म्हणून बॅटरी बदलताना स्वस्तातली नक्कल टाळा. फुगलेली, झाकण वर उचलणारी बॅटरी दाबून परत बसवू नका, तिचा वापर तिथेच थांबवा.

चार्जिंगचं तोंड ही गोष्ट किरकोळ वाटते, पण फोन बंद पडण्याचं कारण कितीदा तरी तीच असते. मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूने जाते, जोर लावला की आतली पट्टी वाकते. टाइप-सी कशीही जाते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीची केल्यामुळे साधे फोनही आता त्यात मिळू लागलेत. नुसता ठेवला की चार्ज होणारा स्टँड सोबत मिळत असेल तर डोळे झाकून तोच घ्या.

ऐकू कमी येत असेल तर आवाज किती मोठा आहे एवढंच बघून भागत नाही. श्रवणयंत्र लावून प्रत्यक्ष कॉल करून बघा. काही फोनांमुळे यंत्रात गुणगुण येते, आणि ती कागदावर वाचून कळत नाही.

चालू करतानाचा पहिला तास

फोन सुरक्षित होतो तो इथेच, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात.

सिम घालताना आधी आकार बघा. जुन्या बटणफोनात मोठं मिनी सिम लागतं, नव्यांत नॅनो. लहान सिम अडॅप्टरमध्ये बसवून मोठ्या खाचेत घालता येतं, पण रिकामा अडॅप्टर कधीही आत सरकवू नका, बाहेर काढताना खाचेतल्या तारा तुटतात.

मग सिमचा पिन. फोनचं लॉक आणि सिमचा पिन या वेगळ्या गोष्टी आहेत. फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. त्या वेळी फोनचं लॉक काही कामाचं नाही, सिमचा पिनच आडवा येतो. हे तिन्ही प्रकारच्या फोनांना सारखंच लागू आहे, आणि स्मार्टफोनवालेही तो क्वचितच लावतात. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे ते उघडण्याचा आठ आकडी कोड, मागतं. पीयूकेही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. अंदाजाने आकडे घालत बसू नका, सिम कंपनीकडून पीयूके मागून घ्या. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाच्या फोनला मी पिन लावेन, पण तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवेन. फोनच्या कव्हरमध्ये तो कागद ठेवू नका.

स्टार, हॅश, ०, ६, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळखक्रमांक, दिसतो. दोन सिमच्या फोनात दोन दिसतात. तो आत्ताच लिहून ठेवा, फोन हरवल्यावर विचारला जातो आणि तेव्हा फोन हातात नसतो.

नंबर कुठे साठवायचे? सिमवर साधारण अडीचशे बसतात, तेही नाव आणि एक नंबर इतकंच. पण सिम दुसऱ्या फोनात घातलं की सोबत येतात. फोनच्या मेमरीत जास्त मावतात आणि फोनबरोबरच जातात. बटणफोनात मी महत्त्वाचे वीस-पंचवीस सिमवर ठेवेन, आणि सगळे एका वहीत. स्मार्टफोन इथे निर्विवाद पुढे आहे, खात्यात जमा झालेले नंबर नव्या फोनवर आपोआप येतात.

स्पीड डायलला दोन-तीनच माणसं लावा, आणि लावल्यावर त्या माणसाला समोर बसवून दाबायला सांगा. पाठीमागे एसओएस बटण असेल तर तेही एकदा खरंच दाबून बघा, ज्यांना कॉल जाणार त्यांना आधी कळवून. काही फोन आधी भोंगा वाजवतात, मग एकेका नंबरला कॉल लावतात, आणि व्हॉइसमेलने कॉल उचलला तर पुढच्या नंबरकडे जातच नाहीत. कीपॅड लॉक असतानाही ११२ लागतो, हे माहीत असू द्या. खिशात चुकून लागतो तोही त्यामुळेच.

मराठीत एसएमएस लिहिणार असाल तर एका संदेशात ७० अक्षरचिन्हं बसतात, रोमन लिपीत १६०. लांबलं की संदेशाचे तुकडे होतात आणि पैसे तुकड्यांचे लागू शकतात.

फसवणूक कुठून आत येते

अ‍ॅपमधून येणारा धोका २जी फोनला जवळजवळ नाही, कारण त्यात सहसा काही घालताच येत नाही. ४जी फीचर फोनला तो थोडा आहे, कारण ब्राउझर असतो आणि लिंक उघडते. स्मार्टफोनला सगळ्यात जास्त, विशेषतः कुणी सांगितलं म्हणून बाहेरून अ‍ॅप घातलं किंवा स्क्रीन दाखवली तर. इथवर साध्या फोनचा समज खरा आहे.

पण २जीची एक उणीव फार कमी लोकांना माहीत असते. २जीमध्ये जाळं फोनची ओळख तपासतं, फोन मात्र जाळ्याची तपासत नाही. त्यामुळे नकली टॉवर उभा करून आसपासच्या फोनांवर बँकेच्या नावाने खोटे एसएमएस टाकता येतात. ३जीपासून पुढे ही तपासणी दोन्ही बाजूंनी होते. अँड्रॉइड १२पासून काही स्मार्टफोनात २जी बंद करण्याची सोयही आहे. म्हणजे या एका बाबतीत सगळ्यात साधा फोनच सगळ्यात कच्चा ठरतो. संदेश कुठल्या नावाने आला यावर विश्वास न ठेवण्याची सवय त्याच्या मालकाला जास्त लागते.

आणि कॉल तर तिन्हींवर सारखेच येतात. सगळ्यात फसवा प्रकार कॉल वळवण्याचा. समोरचा गोड बोलून स्टार-स्टार-२१-स्टार किंवा तसाच एखादा कोड आणि त्यापुढे एक नंबर दाबायला सांगतो. दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे, त्यात बँकेचे पडताळणीचे कॉलही. स्टार-हॅश-२१-हॅश दाबून सगळे कॉल वळवलेले आहेत का ते कळतं, आणि हॅश-हॅश-००२-हॅशने सगळं वळवणं रद्द होतं. हे दोन्ही कोड बहुतेक कंपन्यांच्या जाळ्यांवर चालतात. फोनच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून ठेवा. परदेशी कोडवरून एकदा वाजून तुटलेल्या मिस्ड कॉलला उलट फोन करू नये, हे वेगळं सांगायला नको, पण घरच्यांना सांगायला हवं.

कोण काय विचारेल याची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एकच वाक्य द्या: ‘मी मुलाला विचारून सांगते’, आणि फोन ठेवा. घाई करणारा तिथेच गळतो.

मग कुणासाठी कोणता

फक्त बोलायचं आहे, २जी टिकणार आहे आणि बँकेचा नंबर त्या सिमला जोडलेला नाही, तर २जी फोन पुरेसा आहे. शेतावर, प्रवासात, जास्तीचा म्हणूनही तो चांगला. बँक त्याच नंबरला जोडलेली असेल तर मी ४जी फीचर फोनकडे जाईन, व्होएलटीई तपासून. व्हिडिओ कॉलवाचून ज्याचं चालणारच नाही, त्याला सोपा केलेला स्मार्टफोन द्या, पण महिन्यातून एकदा तो हातात घेऊन बघणारा माणूस आधी ठरवा. तो नसेल तर स्मार्टफोन देऊ नका, हे मी ठामपणे म्हणेन. मुलासाठी घेताना ४जी फीचर फोनमध्येही ब्राउझर असतो हे विसरू नका. डेटा बंद करून घ्या किंवा डेटा नसलेला प्लॅन घ्या.

स्वतःसाठी घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. स्मार्टफोन घरी ठेवून बटणफोन खिशात ठेवायचा बेत असेल तर नंबर कोणत्या फोनात राहणार हे आधी ठरवा. कॉल वळवता येतात, एसएमएस नाही. म्हणजे सिम ज्या फोनात, ओटीपी त्याच फोनात. बँकेचं अ‍ॅप घरच्या फोनवर आणि ओटीपी खिशातल्या फोनवर, हे जमतं. अनेक अ‍ॅप मात्र नोंदणीच्या वेळी सिम त्याच फोनात आहे का ते बघतात. त्यामुळे सिम हलवण्याआधी अ‍ॅप उघडून सगळं चालतंय ना ते पाहा, आणि हलवल्यावर त्याच दिवशी पुन्हा एकदा.