पहिली टी-५ कुठली घ्यावी? कडा, पाणी, झाड की लांबची चाल

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजेच कॅश, जीपीएसवरून शोधून आतल्या कागदावर नाव लिहिण्याचा खेळ. त्यात साडेतीन-चार टेरेनच्या कॅशेस सहज जमायला लागल्या की पुढचा विचार ठरलेला असतो: आता पाच. जिओकॅशिंगमध्ये प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात. डी म्हणजे शोधायला किती अवघड आणि टी (टेरेन) म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. पण टी-५ म्हणजे साडेचारपेक्षा जरा जास्त दमछाक, असा समज करून घेऊ नका. तिथे खास साधन लागतं. व्हिडिओ गेम निर्माते रिचर्ड गॅरियट यांनी २००२ साली अटलांटिकच्या तळाशी सुमारे २,३०० मीटर खोलीवर कॅश ठेवली आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात. त्या टी-५, आणि तळ्यातल्या बेटावर वीस मिनिटं वल्हवून मिळणारी कॅशसुद्धा टी-५च. त्यामुळे आकडा बघून निवड होत नाही. कॅशच्या वेबपानावरची चिन्हं बघावी लागतात: होडी लागेल, चढाईचं साधन लागेल, झाडावर चढावं लागेल.

महाराष्ट्रात कॅशेस एकूणच मोजक्या आहेत. टी-५ मुबलक आहेत त्या जर्मनी, चेकिया, अमेरिका अशा देशांत. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे असलेल्या आणि सह्याद्रीत पाय तयार झालेल्या मराठी ट्रेकरला हा निर्णय जास्त करून तिथेच घ्यावा लागतो. सह्याद्रीत जी कॅश मिळेल तिलाही निकष तोच लावावा: डब्यापाशी काही बिनसलं, तर तिथून परत कसं यायचं? चारही प्रकार (चौथा, लांबची चाल, खरं तर टी-४.५) आम्ही याच एका प्रश्नावर तोलले आहेत.

कडा: रॅपलिंग येतं म्हणून जमेल असं नाही

सह्याद्रीत दोराने कडे उतरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटतो. फरक मधल्या टप्प्यात आहे. एरवी रॅपलिंग वरून सुरू होतं आणि जमिनीवर संपतं. कॅश मात्र बऱ्याचदा अध्येमध्ये असते, वरून १५ मीटरवर, खाली अजून २५ मीटर पोकळी. तिथे थांबायचं, दोन्ही हात मोकळे करायचे, डबा काढायचा, कागदावर नाव लिहायचं, डबा होता तसा लावायचा.

साध्या एटवर (इंग्रजी आठच्या आकाराचं दोराने उतरण्याचं साधन) हे करू नका. एट आपोआप लॉक होत नाही आणि दोराला पीळ घालतो. सेल्फ-लॉकिंग डिसेंडर, म्हणजे आपोआप लॉक होणारं उतरण्याचं साधन घ्या, किंवा साध्या डिसेंडरखाली प्रुसिकचा, म्हणजे वजन पडताच दोर धरणाऱ्या गाठीचा आधार ठेवा: ६ मिमी कॉर्डची गाठवलेली रिंग, १०.५ मिमी दोरावर तीन-चार वेढे, हार्नेसच्या पायपट्ट्याला अडकवलेली. यात नेहमीची चूक एकच होते. प्रुसिक डिसेंडरला टेकतो, टेकला की ढिला पडतो आणि धरतच नाही. म्हणून डिसेंडर स्लिंगवर (मजबूत पट्टीच्या रिंगवर) ३०-४० सेंमी पुढे घ्यायचा, म्हणजे दोघांत जागा राहते. दोराच्या शेवटी गाठ मारायचीच, खालचं टोक जमिनीला टेकलेलं दिसत असलं तरी.

आता परतीचा प्रश्न. कड्याचा पायथा चालत सुटण्यासारखा असेल तर उतरून जायचं, विषय संपला. पायथ्याशी दरी, नदी किंवा बंद जागा असेल तर त्याच दोरावरून वर यावं लागतं. म्हणजे लटकलेल्या अवस्थेत डिसेंडरवरून ज्युमारवर (दोर पकडून वर चढण्याच्या साधनावर) बदल. हा बदल जमिनीपासून दोन मीटरवर, हातमोजे घालून, दहा वेळा न अडखळता करता येत नसेल तर तशी कॅश आत्ता घेऊ नका. हार्नेसमध्ये निश्चल लटकणं काही मिनिटांतच धोक्याचं होऊ शकतं. पायातलं रक्त पायातच साचतं. त्यामुळे "अडकलो तर मदत येईपर्यंत थांबू" ही योजना धरता येत नाही.

अँकरला, म्हणजे दोर जिथे बांधतो त्या जागेला, दोन स्वतंत्र आधार हवेत. त्यांना जोडणाऱ्या स्लिंगचा कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांवर प्रत्येक आधारावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के भार येतो आणि १२० अंशांवर पूर्ण १०० टक्के. मग दोन आधारांचा फायदाच उरत नाही.

खडकाचा स्वभाव बघून ऋतू ठरवा. सह्याद्रीचा बसाल्ट कठीण, पण कडा धारदार, म्हणून दोराखाली प्रोटेक्टर लागतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो, तिथेच खोबणी आणि पावठे तयार होतात, आणि डबा लपवायची जागाही तीच. तो पट्टा पायाखाली भुगा होतो. त्यावर उभं राहिलात तरी वजन दोरावरच ठेवा. आग्यामोहोळ दिसलं तर तो कडा त्या दिवसापुरता बाद. अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीही तिथे नको. जर्मनीतल्या सॅक्सन स्वित्झर्लंडचा वालुकाश्म उलट्या स्वभावाचा. ओला झाला की त्याची ताकद घटते, म्हणून पावसानंतर तिथे चढत नाहीत, आणि फटीत धातूचं साधन घालायलाही बंदी आहे. इथली सवय तिथे नेऊ नका.

पाणी: शिकायला सोपं, फसवायलाही सोपं

संथ तळं किंवा धरणाचा फुगवटा असेल तर पहिल्या टी-५साठी आमचं मत याला. कारण परतीची वाट रुंद आहे. थकलात तर थांबता येतं, वाटेल तिथून मागे वळता येतं. कड्यावर हे सुख नाही. बसायला वरून उघडी, रुंद कयाक घ्या, उलटली तरी तिच्यावर परत चढता येतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकमध्ये ठेवलेलं जॅकेट नसल्यातच जमा.

फसगत वाऱ्याने होते. निवांत वल्हवलं तर ताशी ४-५ किमी वेग मिळतो, समोरून वारा आला की निम्मा होतो. मोठ्या जलाशयावर वारा बहुधा दुपारी उठतो. म्हणून पहाटे निघा आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना तो पाठीशी असतो. थंड देशांत कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर ठरवा. बाहेर २२ अंश आणि पाणी १० अंश, हा वसंतातला सापळा आहे. अशा पाण्यात पडताक्षणी श्वास अनावर होतो, पोहता येणाऱ्याचाही.

डबा पुलाखाली किंवा खांबाला असेल तर कयाक एका जागी धरून ठेवणं हेच मुख्य काम. तीन-चार मीटरची दोरी कयाकच्या नाकाशी बांधून ठेवा. ती खांबाभोवती फिरवून टोक हातात धरायचं, गाठ मारायची नाही. वाहत्या पाण्यात बांधलेली होडी आडवी होऊन भरते. स्वतःला तर कशालाच बांधू नका. आणि कयाकमध्ये उभं राहून हात पुरवायचा मोह टाळा.

महाराष्ट्रातल्या धरणांवर आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्टअखेर पाण्याला लागून असलेली जागा मे महिन्यात काठापासून दूर, गाळाच्या पलीकडे गेलेली असते. वरून सुकलेल्या गाळात मांडीपर्यंत पाय जातो. उन्हाळ्यात असं ठिकाण टाळा आणि होडी घालण्याआधी परवानगीचं विचारून घ्या.

झाड: सगळा खेळ पहिल्या फेकीचा

जर्मनीत हा प्रकार फार लोकप्रिय आहे. २० मीटरच्या बीच किंवा ओक वृक्षाच्या फांदीवर डबा, खाली चिटपाखरू नाही. चढण्याचं तंत्र दोन दिवसांच्या वर्गात येतं, दोर वर नेण्यासाठीच्या फेकीला मात्र धीर लागतो. २५० ते ३५० ग्रॅमची फेकपिशवी, तिला सुमारे २ मिमीची गुळगुळीत दोरी. ती हाताने १२-१५ मीटरपर्यंत जाते, त्यावर मोठी गलोल लागते. पिशवी हव्या त्या फांदीवरून गेली की ती जमिनीपर्यंत उतरवा, सोडवा आणि मगच दोरी ओढा. पिशवीसकट ओढली तर ती बेचक्यात अडकते. अडकलीच तर जोर लावून हिसका देऊ नका, सुटली की तीच पिशवी थेट तोंडावर येते.

दोर झाडाच्या बुंध्याला बांधून दुसऱ्या बाजूने चढणार असाल तर दोर उंचीच्या दुपटीहून जास्त हवा. २० मीटरला ४५-५० मीटर धरा. ५० मीटर स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर साडेतीन किलोच्या आसपास भरतो. या पद्धतीत फांदीवर वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे बरेच जण विसरतात. म्हणून चढण्याआधी दोघांनी एकदम दोराला लटकून झोके द्या, नजर वर ठेवा, हेल्मेट आधीच डोक्यावर. फांदी खोडाजवळ किमान १० सेंमी जाड आणि हिरवी असावी. साल सुटलेली, अळंबी धरलेली किंवा पालवी नसलेली फांदी कितीही जाड असली तरी नको.

परतीचा निकष लावला तर झाड मधल्या पायरीवर येतं. खाली जमीन आहे, पण वर बेशुद्ध पडलेल्याला उतरवणारा दुसरा माणूस तेवढाच तयार हवा. एकट्याने झाड नाही. विणीच्या हंगामात घरटं दिसलं तर मागे फिरा.

लांबची चाल, टी-४.५: साधन नाही, म्हणून धाक नाही

चौघांत आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. दोर लागत नाही, त्यामुळे माणूस तयारीविना जातो. इथले बहुतेक घोटाळे जीपीएस यंत्रावरच्या बाणामुळे होतात. यंत्र म्हणतं ३०० मीटर, बाण समोर, आणि मध्ये नाळ. त्या ३०० मीटरसाठी तीन तासांचा वळसा पडू शकतो, आणि तो घ्यायचा कंटाळा आला की लोक घसाऱ्यावरून सरळ उतरतात. ऑक्टोबरनंतर वाळलेल्या गवतावर बूट तेलावरून सरकल्यासारखे सरकतात. आधी समोच्च रेषांचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, वाट त्यावर ठरवा आणि शेवटचे ५० मीटर सोडले तर बाणाकडे बघूच नका.

अरुंद नाळेत सिग्नल भिंतींवरून उसळून येतो. उघड्यावर ३-५ मीटरची चूक तिथे २०-३० मीटर होते. त्याहून मोठी अडचण कड्यांवर येते: कड्याचा माथा, मधला पावठा आणि पायथा, तिघांचे अक्षांश-रेखांश एकच. यंत्राची उंची आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकते. म्हणून डबा वर आहे की खाली, हे वर्णन, सूचना आणि जुन्या नोंदी वाचूनच घरी ठरवायचं.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र युरोपात अशा चालीला उत्तम. भारतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि ते घेऊन येणारे प्रवासी विमानतळावर अडवले गेले आहेत. सुट्टीला घरी येताना ते तिकडेच ठेवा. इथे गावात कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघा.

मग क्रम कसा लावायचा

दोराचा अनुभव नसेल तर संथ पाणी. रॅपलिंग पक्कं असेल तर पायथ्यातून चालत सुटता येणारा कडा. ज्युमारवरचा बदल हातात बसला की झाड, आणि त्यानंतर दोराने वर यावं लागणारे कडे. टी-४.५ कधीही घ्या, पण तीन जणांपेक्षा कमी असाल तर नको.

कुठलीही निवडलीत तरी पहिल्या खेपेला डी २ च्या वर जाऊ नका. टी-५ आणि डी-४.५ एकत्र म्हणजे दोरावर लटकून नखाएवढी चुंबकी डबी शोधणं. शेवटच्या पाच नोंदी वाचा. टी-५ वर्षभर कुणी काढली नाही म्हणजे ती गायब आहे असं नाही, तिथे फार लोक जात नाहीत इतकंच. पण ओळीने दोन-तीन "सापडली नाही" असतील तर कॅश ठेवणाऱ्या मालकाला आधी विचारा.

आणि पेन्सिल न्या, दोन. डब्यातली कागदाची गुंडाळी दमट असते, तिच्यावर बॉलपेन उमटत नाही. पेन्सिलीला भोक पाडून दोरा ओवा आणि हार्नेसला बांधा. बोटं गार पडली की ती आधी निसटते. गुंडाळी काढायला चिमटा लागतो, तोही त्याच दोऱ्याला. झाकण लावण्याआधी आट्यांवरची माती पुसा. रबरी कडेखाली एक कण राहिला तरी पुढच्या पावसात आतला कागद लगदा होतो, आणि तो बदलायला मालकाला पुन्हा तेवढंच चढावं लागतं.